मागच्या खोल्या

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात जुनं घर पाडायचं ठरलं, की नातेवाइकांच्या आधी जुन्या सागवानाच्या व्यापाऱ्याला खबर लागते. तो सकाळीच येतो, चौकटीवर बोटानं ठोकून पाहतो, जिन्याच्या कठड्याचा भाव वेगळा सांगतो. आठवड्याभरात दारं-खिडक्या निघतात, मग कडीपाट, मग शहाबादी फरश्या. पुढे पत्र्यांचं कुंपण लागतं आणि त्यावर रंगीत चित्र: खाली गाड्या, वर पाच मजले, मजल्याला दोन किंवा तीन फ्लॅट. काचीगुडा स्टेशनापासून नारायणगुड्यापर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, एखादं तरी असं चित्र दिसतंच.

यावर आमच्याकडे जोराचा वाद आहे. तो लग्नाच्या पंगतीत निघतो, चमनच्या बागेत सकाळी फिरणाऱ्यांत निघतो, गणपतीच्या मांडवात तर हमखास निघतो. जुने रहिवासी म्हणतात, आता पुरे. अरुंद गल्लीत एका घराच्या जागी पंधरा घरं आली तर पाणी कुठून आणायचं, ड्रेनेज कसं पुरायचं, गाड्या कुठं लावायच्या? घरमालकांचं दुखणं निराळं. घर चार भावंडांच्या नावावर, दोघं अमेरिकेत, एक पुण्यात, आणि गळणारं छत सावरायला सत्तरीतली एकटी बहीण. तिनं काय करावं? आणि पोरं विचारतात, नारायणगुड्याला मेट्रो आली, स्टेशन जवळ, दवाखाने जवळ, मग शहराच्या मध्यात राहायचं सोडून आम्ही पस्तीस किलोमीटरवर जायचं का?

तिघांचंही मला पटतं. पण या वादात एक माणूस कधीच बोलताना ऐकू येत नाही. तो म्हणजे किरायदार. बरकतपुऱ्यासारखी वस्ती त्याच्यावाचून उभीच राहिली नसती, आणि हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. हे आमच्या माईनं, म्हणजे आजीनं, मागच्या अंगणात तांदूळ निवडता निवडता सांगितलेलं आहे.

माईच्या गोष्टी तिच्या आजीपासून सुरू व्हायच्या. मोठी आई अफजलगंजच्या बाजूला राहायची तेव्हा मुशी नदीला पूर आला, 28 सप्टेंबर 1908 चा. दोन्ही काठांवरची वस्ती वाहून गेली, सुमारे 15,000 माणसं गेली. उर्दूतले मोठे शायर अमजद हैदराबादी त्या पुरात आई, बायको आणि मुलगी गमावून एकटे वाचले. दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढलेली दीडशे माणसं वाचली; ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या मागे अजून उभं आहे. तेव्हाचे निझाम महबूब अली पाशांनी नदीला साडी-चोळी वाहून हात जोडले, हे मोठी आई अगदी पाहिल्यासारखं सांगायची म्हणे. ते तिनं खरोखर पाहिलं असेल का, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. पण त्या गोष्टीचा शेवट मला पक्का आठवतो, कारण माई तिथं आवाज चढवायची: “पाणी एका दिवसात उतरलं. माणसं मात्र महिनोन्‌महिने देवड्यांच्या ओसरीत पडून होती.”

पुराची पुढची हकीकत हैदराबादच्या इतिहासात नोंदलेली आहे. 1909 मध्ये विश्वेश्वरय्या आले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आयुष्य घालवलेले. त्यांनी मुशी आणि ईशी या नद्यांवर तलाव सुचवले. 1920 मध्ये उस्मानसागर झाला, आमच्या तोंडी तो गंडिपेट, आणि 1927 मध्ये हिमायतसागर. नद्या आवरल्या. पण मधल्या काळात, 1911 मध्ये, शहरात प्लेग झाला, आणि दाट वस्त्यांचं काय करायचं हा प्रश्न सरकारच्या समोर येऊन उभा राहिला. निझामाच्या गादीवर नुकत्याच आलेल्या मीर उस्मान अली खानांनी 1912 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड नेमलं. प्लेगनंतर मुंबईनं 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला होता. हा त्याच जातीचा प्रयोग. रस्ते रुंद करायचे, कोंदट मोहल्ले मोकळे करायचे, आणि उठवलेल्यांसाठी घरं बांधायची.

मुंबईच्या ट्रस्टनं दादर-माटुंग्याकडे सुंदर आखलेल्या वसाहती दिल्या, त्यांत आपल्या मध्यमवर्गाच्या पिढ्या वाढल्या. पण जुन्या शहरात त्यानं पाडलं जास्त आणि गरिबाला परत दिलं कमी, ही टीका तेव्हापासूनची आहे. 1919 पासून मुंबई विद्यापीठात शिकवणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस सगळ्या हिंदुस्थानभर हेच सांगत फिरले, की एक दाट मोहल्ला सरसकट पाडला की तिथली माणसं शेजारच्या मोहल्ल्यात कोंबली जातात, आणि तो आणखी दाट होतो. हैदराबादच्या बोर्डालाही हे दुखणं चुकलं नसणार. तरी त्या बोर्डाचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीला जा. दगडी कमानींच्या खाली दुकानं, आणि त्यांच्या डोक्यावर राहती घरं. बाजारात, शहराच्या ऐन काळजात, माणसं राहिली पाहिजेत, हे शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात पक्कं होतं. आज आपण जे नवं म्हणून मांडतो, ते तिथं दगडात बांधलेलं आहे. मोत्यांच्या आणि अत्तराच्या दुकानांवरून नजर जरा वर न्यावी लागते, एवढंच.

आमचे आजोबा, अण्णा, या शहरात आले ते नदीच्या नव्हे, रेल्वेच्या वाटेनं. परभणीकडचं सेलू आमचं मूळ गाव. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येणारी मीटरगेजची लाइन काचीगुड्याला टेकत असे. 1916 मध्ये बांधलेलं ते घुमटांचं स्टेशन व्हिन्सेंट एश यांनी आखलेलं. तिथं निझामाच्या रेल्वेचं मुख्य कार्यालय. मराठवाड्यातला जो कुणी नोकरीला, शिकायला, कोर्टाच्या कामाला किंवा आजारपणात हैदराबादला निघे, तो सकाळी याच फलाटावर उतरे. उतरल्यावर पहिल्या दिवशी कुठं जाणार? चालत जाता येईल तिथं. काचीगुडा, कुतबीगुडा, सुलतान बाजार, बडीचावडी, गौलीगुडा, नारायणगुडा आणि आमचा बरकतपुरा इथं मराठी दारं दिसतात, त्याचं मोठं कारण हे स्टेशन आहे. 1907 ची विवेकवर्धिनी शाळा याच टापूत, मराठी ग्रंथालय आणि साहित्य परिषद याच टापूत. माणूस येई, त्याला खोली मिळे, आणि शाळा, वाचनालय हाताशी असे.

अण्णा रेल्वेत माल-बाबू होते. आधी काचीगुड्यात किरायाच्या एका खोलीत, मग बरकतपुऱ्यात जागा घेऊन बांधलेल्या घरात. पुढे दोन खोल्या आणि दालान, मधे अंगण, अंगणात हौद. एवढ्यावर ते थांबले असते तर ते एका कुटुंबाचं घर झालं असतं. पण उन्हाळ्याच्या सुट्या संपल्या की सेलूहून, मानवतहून, पाथरीहून कुणाचा ना कुणाचा मुलगा चिठ्ठी घेऊन दारात उभा राहायचा. उस्मानिया विद्यापीठ 1918 चं, आणि निझामाच्या राज्यात दुसरं विद्यापीठ नव्हतं. त्या मुलांसाठी अण्णांनी मागच्या भिंतीला लागून एक खोली काढली. मग दुसरी. मग तिसरी, अर्ध्या विटेच्या भिंतीची, वर कवेलू घातलेली. शेवटी चार झाल्या. किराया हाली रुपयांत, आणि ज्याला तो देणं जमायचं नाही त्यानं माईला बाजार आणून द्यायचा, धाकट्यांचा अभ्यास घ्यायचा. काही मुलं वारावर जेवायची. आमचा वार गुरुवार.

त्या चार खोल्यांची यादी माईला तोंडपाठ होती. बीडचा एक मुलगा 1938 मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढलेल्यांत होता. तो नागपूरला गेला, कारण नागपूर विद्यापीठानं या मुलांना घेतलं. त्याच्या रिकाम्या खोलीत एक तेलुगू कंपाउंडर आला. पलीकडच्या खोलीत उर्दू वर्तमानपत्रात लिखाई करणारा कातिब, बायको आणि तीन मुली. सप्टेंबर 1948 चा पोलीस अ‍ॅक्शन झाला तेव्हा काही जणांनी अण्णांना सांगितलं, आता याला काढा. आदल्या वर्षभर रझाकारांच्या भीतीनं मराठवाड्यातून पळून आलेली माणसं आमच्या दालानात झोपलेली होती, त्यामुळे सांगणाऱ्यांच्या मनात काय होतं ते अण्णांना समजत होतं. त्यांनी उत्तर दिलं, “त्याचा किराया पहिल्या तारखेला येतो आणि त्याच्या लेकी माझ्या लेकींबरोबर दोरीवर उड्या मारतात. मी काय म्हणून काढू?” कातिब पुढे पंधरा वर्षं राहिला. आमच्या आत्याचं उर्दू अक्षर मोत्यासारखं आहे, ते त्याच्यामुळे.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं भाषावार वाटली गेली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. मराठी अधिकारी, कारकून यांच्या बदल्या औरंगाबादला, मुंबईला होऊ लागल्या. सेतुमाधवराव पगडींसारखे मोठे अधिकारी आणि इतिहासकार तिकडे गेले. आमच्या गल्लीतली तीन कुटुंबं एका हिवाळ्यात गेली. अण्णा रेल्वेचे असल्यामुळे राहिले. गेलेल्यांच्या घरात गुंटूर-विजयवाड्याकडून आलेले सचिवालयाचे लोक राहायला आले, आणि नव्या राजधानीला घरं कमी पडू लागली. 1960 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्डाची जागा आंध्र प्रदेश हाउसिंग बोर्डानं घेतली. पुढे आमच्या शेजारी बागलिंगमपल्लीत त्याची वसाहत उभी राहिली, अल्प उत्पन्न, मध्यम उत्पन्न अशी वर्गवारी करून. 1960 मध्येच किराया नियंत्रणाचा कायदाही आला. आत्या सांगते, बागलिंगमपल्लीचे फ्लॅट होऊ लागले तेव्हाही बरकतपुऱ्यात हीच कुरकुर होती: एकावर एक घरं, माणसं कबुतरांसारखी राहणार, पाणी कुठून येणार. आणि मग त्याच फ्लॅटांत आमच्या शाळेच्या बाई राहायला आल्या, बँकेतले काका आले, आणि कुरकुर थांबली.

म्हणून नवी इमारत म्हटली की नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. बरकतपुरा वाढतच आलेला आहे. मी पाहते ते असं, की वाढलेल्या जागेत कोण मावतंय.

2006 मध्ये बांधकामाचे नवे नियम आले आणि हैदराबादेत एफएसआयची, म्हणजे जागेच्या मानानं किती बांधायचं याची, मर्यादा निघाली. मुंबई-पुण्याच्या वाचकाला याचं नवल वाटेल, कारण तिकडे एफएसआयच्या एका टक्क्यावर मंत्रिमंडळं भांडतात. इथं इमारत किती उंच न्यायची हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि भोवती किती जागा सोडली त्यावर ठरतं. नियमाबाहेर वर एखादं पेंटहाउस चढवलं तर दंड भरून ते कायदेशीर करून घ्यायची योजनाही 2007 मध्ये आली, 2015 मध्ये पुन्हा आली. घरं त्यामुळे नक्कीच वाढली. पश्चिमेकडे, हायटेक सिटीच्या पुढे, तीस-चाळीस मजले झाले. बरकतपुऱ्यात मालक जमीन देतो, बिल्डर बांधतो, फ्लॅट अर्धे-अर्धे. या करारात पाटीवर न लिहिलेली एक अट असते. जागा रिकामी हवी. म्हणजे मागच्या खोल्या आधी जातात.

आमच्या शेजारचं घर पडलं तेव्हा हे मी जवळून पाहिलं. मागच्या तीन खोल्यांत एक इस्त्रीवाला, मठाच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक बाई, आणि मेसचे डबे पोचवणारे दोन भाऊ राहत. सगळ्यांना मालकानं रीतसर मुदत दिली, थोडे पैसेही दिले. वाईट वागणूक कुणी दिली नाही. इस्त्रीवाल्याची गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी उभी असते. पण तो आता उप्पलच्या पलीकडून येतो, दोन बसा बदलून, आणि संध्याकाळी लवकर जातो. मठातल्या बाईंनी काम सोडलं. पहाटे चारला पोचायला गाडी नाही. त्या जागी आता बारा फ्लॅट आहेत. त्यांपैकी चार फ्लॅटांचे मालक परदेशात आणि ते फ्लॅट बंद. बाकीच्यांत नवरा-बायको आणि एक मूल. जुन्या घरात पुढचं कुटुंब आणि मागच्या खोल्या धरून जेवढी माणसं नांदत होती, त्याहून फार जास्त माणसं आज तिथं झोपत नाहीत. गाड्या मात्र एकोणीस आहेत. मी गच्चीवरून मोजल्या.

त्या इमारतीत एकच लहान घर आहे. सेलरमध्ये, जिन्याखाली, वॉचमनचं. महबूबनगरकडचं कुटुंब, पालमूरचं. एक खाट, एक गॅस, दोरीवर दप्तरं. मीटरच्या पेट्या त्यांच्या दाराशेजारी, बोअरची मोटर चार हातांवर. ती सुरू झाली की पोरं वाचन थांबवून बाहेर येतात. टँकर आला की बाई पाइप धरते. 13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री शहरात एका दिवसात 19 सेंटीमीटर पाऊस पडला, तेव्हा सेलरमध्ये पाणी भरलं आणि हे पाच जण दोन दिवस पहिल्या मजल्याच्या जिन्यावर राहिले. वर चार फ्लॅट कुलूपबंद होते. शहराच्या मध्यात नवी घरं झाली हे खरं. गरिबाला त्यातलं मिळालं ते जिन्याखालचं.

मग सरकारी घरांचं काय, असं कुणी विचारेल. ती झाली, आणि त्यांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. सिकंदराबादेत भोईगुड्याला आयडीएच कॉलनी आहे. 2015 मध्ये तिथं जुन्या पडक्या घरांच्या जागीच दोन बेडरूमची 396 घरं झाली, आणि तिथलेच लोक तिथं परत आले. मुलांची शाळा बदलली नाही, बायांची धुण्याभांड्याची घरं सुटली नाहीत. दुसरीकडे कोल्लूर. 2023 मध्ये तिथं एका आवारात 15,660 घरांचं उद्घाटन झालं, उंच इमारती, रुंद रस्ते. पण आउटर रिंग रोडपाशी. चादरघाटला फुलं विकणाऱ्या बाईला तिथलं घर मिळालं तर फुलं कुणाला विकायची? 2024 मध्ये मुशीच्या पात्रातल्या घरांवर लाल रंगानं खुणा झाल्या आणि माणसं हलवायला सुरुवात झाली, तेव्हा काही कुटुंबांना मलकपेटमध्ये पिल्लीगुडिसेलूला घरं दिली. मुशी तिथून लांब नाही, बाजार तोच. घर गेल्याचं दुःख त्यांना आहेच, आणि ते मी कमी लेखत नाही. पण रोजी तरी वाचली. जवळचं घर आणि लांबचं घर यांत हा एवढा फरक आहे, आणि आमच्या चमनमधल्या वादात तो कधी निघत नाही. तिथं सगळी चर्चा मजल्यांची, पाण्याची आणि गाड्यांची.

पाण्याची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नये. हुसेनसागरचा नाला बागलिंगमपल्ली, नल्लकुंट्याच्या अंगानं गोलनाक्याकडे मुशीला जातो. 24 ऑगस्ट 2000 ला तो फुगला तेव्हा खालच्या वस्त्या बुडालेल्या आम्ही पाहिल्या. ड्रेनेजच्या लाइनी जुन्या आहेत. मजले वाढवण्याआधी त्या बदलायला हव्यात, आणि तो खर्च बिल्डरच्या नफ्यातून यायला हवा. पण पाणी पुरणार नाही म्हणून इस्त्रीवाल्याला उप्पलपलीकडे धाडणं आणि एकोणीस गाड्या धुवायला बोअर सोडणं, हा कुठला हिशेब?

आता आमचं घर. आत्या पंच्याऐंशीची आहे आणि तिचं मत स्पष्ट आहे: पाडा. कडीपाटाला वाळवी लागली आहे, पावसाळ्यात तिच्या पलंगाची जागा तीनदा बदलावी लागते, मोरीत ती एकदा घसरून पडली आहे. जुन्या घराचे गोडवे गाणाऱ्यांना ती म्हणते, “तुम्ही या की राहायला, चार महिने.” मलाही तिच्यासाठी लिफ्ट हवी, कोरडी भिंत हवी. चुलतभावांनी बिल्डर पाहिला आहे, नकाशा आला आहे. मागच्या चारपैकी तीन खोल्यांत आजही माणसं राहतात: रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, नर्सिंग शिकणाऱ्या नांदेडच्या दोन मुली, आणि शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर, त्याची बायको आणि मुलगा.

मी घरच्यांसमोर मांडलं ते असं. आपल्या वाट्याला पाच फ्लॅट येतात. त्यांतला एक, पहिल्या मजल्याच्या मागच्या बाजूचा, न घेता त्या जागेत एकेका खोलीची तीन घरं काढावीत, प्रत्येकाला न्हाणी, ओटा आणि खिडकी. ती विकायची नाहीत, किरायानंच द्यायची, आणि आत्ता राहणाऱ्यांना पहिला हक्क, हे करारात लिहून घ्यायचं. बांधकामाची दोन वर्षं त्यांची सोय जवळपास करायची, त्याचा किराया बिल्डरनं भरायचा. वॉचमनची खोली सेलरमधून वर काढायची.

बिल्डर म्हणाला, लहान घरं असली की मोठ्या फ्लॅटांचा भाव पडतो. एका भावाचा फोन आला, पाचपैकी एक म्हणजे आपल्या वाट्याचा पाचवा भाग. हे नुकसान खरं आहे, मी ते नाकारलं नाही. आत्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला विचारलं, “तुझा बाप इंजिनिअर झाला तेव्हा त्याला गणित कुणी शिकवलं, ठाऊक आहे का? मागच्या दुसऱ्या खोलीतल्या पाथरीच्या पोरानं. किराया देऊ शकत नव्हता म्हणून शिकवायचा.” पलीकडून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, नकाशा पुन्हा पाठवा.

नवा नकाशा काढायला दिला आहे. वास्तुविशारद मुलगी तरुण आहे, नियमांत बसवून देते म्हणाली. तीन खोल्यांना मिळून एक व्हरांडा काढता येईल असं तिचं मत आहे. ड्रायव्हरच्या बायकोला बोलावून न्हाणीचं दार कुठल्या बाजूला हवं ते विचारून घेतलं. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, कपडे वाळत घालायला उन्हाची जागा. ती नकाशात आलेली नव्हती, आता टाकायला सांगितली आहे. चार भावंडांच्या सह्या व्हायच्या आहेत.